पेशींवर पहिला प्रकाशोपचार करताना

औषध आणि प्रकाश मिळून पेशी मारण्याच्या तुमच्या पहिल्या प्रयोगासाठी ५-एएलए (५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल) हे औषध निवडलंत हे उत्तम. पेशी त्यापासून स्वतःच पॉर्फिरिन हे प्रकाश शोषणारं रंगद्रव्य बनवतात आणि तेच लाल प्रकाशात ऑक्सिजनला मारक रूप देतं. सध्या एवढंच सांभाळा:

- चार गट हवेतच: औषध आणि प्रकाश, अंधारात फक्त औषध, फक्त प्रकाश, काहीच नाही. नवखे हमखास 'फक्त प्रकाश' गाळतात. मग पेशी औषधाने मेल्या की दिव्याच्या उष्णतेने, हे कळायला मार्गच उरत नाही.
- १ मिलिमोलर एएलए, सीरमविरहित (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव न घातलेल्या) पोषक माध्यमात, ४ तास. सीरम असेल तर तयार झालेलं पॉर्फिरिन पेशीबाहेर ओढलं जातं. द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच ७.४ वर आणा आणि लगेच वापरा, ठेवलेलं बिघडतं.
- दिव्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका. प्लेटच्या उंचीवरच पॉवर मीटर धरा. ६३५ नॅनोमीटर, दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट, ५०० सेकंद म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल.

औषध घातल्यापासून प्लेट फॉइलमध्येच ठेवा. एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी) प्रकाश दिल्यानंतर २४ तासांनी करा. घाई केली तर मरू घातलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. लेसर, नॅनोकण वगैरे नंतर बघू. आधी अंधारातला गट तीनदा निरोगी दिसू द्या.