पाचवीच्या वर्गाचं नाताळचं दार: बॅनर राहू द्या, झिरो माइलचे घोडे जुंपा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पाचवीचा वर्ग, ४२ मुलं, शाळेत नाताळनिमित्त वर्गाचं दार सजवायची स्पर्धा, हातात जेमतेम आठवडा आणि खर्च बहुतेक तुमच्याच पर्समधून. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, सांताचं तयार बॅनर आणि झिरमिळ्या आणून लावल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

चालेल हो, कोणी अडवणार नाही. पण बाजूच्या तुकडीच्या मॅडमही त्याच दुकानातून तोच सांता आणतात आणि परीक्षकांना एकाच दाढीवाल्याचं चारदा दर्शन होतं. मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवतेय, अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसलेय. माझा आवडीचा निकष एकच आहे: हे दार नागपूरच्या पाचवीतल्या पोट्ट्यांनी केलंय हे व्हरांड्याच्या टोकावरून कळलं पाहिजे. बर्फ, पाइनची झाडं, छपरावरचं धुराडं हे सगळं मुलांनी फक्त टीव्हीवर पाहिलंय. ते काढताना ती दुसऱ्याचं चित्र उतरवतात. स्वतःच्या गावातलं काही दिलं की कशी भांडून भांडून काम करतात ते बघा.

म्हणून माझी सूचना झिरो माइलची, म्हणजे नागपुरातल्या त्या इंग्रजांच्या काळच्या मैलाच्या दगडाची. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकानं तो खांब आणि ते चार घोडे बसमधून, आजोबांच्या स्कूटरवरून कधी ना कधी पाहिलेलेच असणार. सांताच्या गाडीला रेनडियर कशाला, झिरो माइलचे चार घोडे जुंपा. दाराच्या एका बाजूला खांब, मधे एकाखाली एक असे घोडे, मागे गाडी आणि गाडीत सांता. सांता लहानच ठेवा, घोडे मोठे. घोडे सांताला आणायला निघालेत की घेऊन परत आलेत, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्या, कारण त्यावरच घोड्यांची तोंडं कुठल्या दिशेला ते ठरतं.

आता यातला खरा मजेचा भाग. झिरो माइलच्या १९०७ सालच्या दगडावर वेगवेगळ्या गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. आपल्या दारावरच्या खांबावर नाताळच्या गावांची अंतरं लिहायची. येशूचा जन्म झाला ते बेथलेहेम. ज्या संत निकोलसवरून पुढे सांता घडला, तो चौथ्या शतकात बिशप होता ते मायरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं डेमरे. सांताचं गाव म्हणून मिरवणारं फिनलंडमधलं रोव्हानिएमी. आणि चौथं गाव जर्मनीतलं नीस्की, त्याचं कारण पुढे सांगते.

अंतरं मोबाइलवर शोधू देऊ नका. शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला पृथ्वीगोल बाहेर काढा. बारा इंची गोलाचा घेर साधारण ९६ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४२० किलोमीटर. नागपूर ते बेथलेहेम दोरा ताणून धरायचा, तो पट्टीवर मोजायचा आणि गुणाकार करायचा. बेथलेहेम ४५०० च्या आसपास येईल, मायरा ५००० च्या, रोव्हानिएमी ६३०० च्या आणि नीस्की ६४०० च्या. मुलांचे दोन-तीनशे किलोमीटर इकडेतिकडे होणारच. तीन गटांना तीच मोजणी करायला लावा, मधलं उत्तर घ्या आणि आकड्याआधी 'सुमारे' लिहा. एवढ्यात गणिताचा एक आणि भूगोलाचा एक तास वसूल होतो. मुख्याध्यापकांनी 'अभ्यास सोडून काय चाललंय' असं विचारलं तर दाखवायला वहीत नोंद राहते. गावं सगळी नागपूरच्या पश्चिमेला आणि उत्तरेला आहेत, त्यामुळे बाण दाराच्या डाव्या अंगाला आणि वर वळतील. खांब उजवीकडे घेतला तर जागा पुरते. अंतरांची पाटी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, चार फुटांच्या आसपास लावा. मोठी माणसं वाकून वाचतील, काही बिघडत नाही.

आता नीस्की. तिथल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीचा धडा म्हणून कागदी चांदणी करायला घेतली आणि पुढे ती जगभर नाताळची चांदणी झाली. मूळ रूपात तिला २६ टोकं असतात, मधल्या ठोकळ्याच्या १८ चौकोनी आणि ८ त्रिकोणी बाजूंवर एकेक निमुळतं टोक. पाचवीला हे सगळं झेपणार नाही, पण चौकोनी तळाचा एक सुळका प्रत्येकाला जमतो. चार उभे त्रिकोण, चिकटवायला एक पाळी, घडी घातली की झालं. मधे एक उंच, त्याच्या चारी बाजूंना आडवे झुकलेले आणि कोपऱ्यांत बारके सुळके असे पुठ्ठ्यावर चिकटवले की दारातून बाहेर आलेली अर्धी चांदणी दिसते. फक्त ती दाराच्या वरच्या दोन फुटांत ठेवा. खाली ठेवलीत तर मधल्या सुट्टीत पहिलाच दप्तराचा फटका तिला बसेल. उरलेल्या मुलांना घडी घालून एका कापात होणारी पाचटोकी चांदणी द्या.

घोड्यांबद्दल एक आग्रह. छापील नमुना देऊ नका. चार गट, चार घोडे, प्रत्येक साधारण फूट-सव्वा फूट लांब, किराणा दुकानातल्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला. कापायचं काम तुम्ही करा, जाड पुठ्ठ्याला मुलांच्या कात्र्या पुरत नाहीत आणि कटर त्यांच्या हातात द्यायचा नाही. वर जुन्या वह्यांचे खाकी कव्हर, आयाळीला सोडवलेली सुतळी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवलेली मुलं आहेत ही, झूल कशी घालायची ते तुम्हाला शिकवतील. घरी पोळ्याच्या सजावटीतल्या लेसी, टिकल्या, आरशांचे तुकडे उरलेले असतात, तेच मागवा. एक घोडा हमखास गाढवासारखा होतो. त्याला हात लावू नका, लोक त्याच्यासमोरच थांबतात.

बर्फाच्या जागी कापूस. इथे डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते आणि वर्गात गावाकडून आलेलं एखादं तरी मूल असतंच. फुटलेली, पूर्ण वाळलेली बोंडं आणायला सांगा, अर्धवट उमललेल्यांत बोंडअळी सापडते. बोंडाची करकरीत पाकळी आणि आतला कापूस, हे औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीपेक्षा कितीतरी देखणं दिसतं. मूठभर पुरे. कापूस भुरकन पेटतो, तेव्हा त्याच्या जवळपास मेणबत्ती, पणती, अगरबत्ती काही नको.

संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या लावायची कल्पना तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, सगळीकडे त्याचे फोटो फिरतात. आपल्या संत्र्यावर ती फसते. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि फोडी सुट्या, चकती कापली की हातात फोडी वेगळ्या. चकत्याच हव्या असतील तर मोसंबी घ्या. संत्र्याची सालच बरी: ओली असताना चांदणीच्या आकारात कापायची, जाड वहीखाली दोन दिवस दाबायची म्हणजे वाळताना वळत नाही. वास छान येतो. पण पूर्ण वाळली नाही तर दारावर मुंग्यांची रांग लागते, म्हणून ही हौस शेवटच्या दोन दिवसांत करा.

आता दार. तुमचं दार कसलं आहे ते तुम्ही लिहिलं नाही आणि अर्धा खेळ त्यावरच आहे. पत्र्याचं असेल तर लोहचुंबक वापरा. सपाट लॅमिनेटचं असेल तर मास्किंग टेप. जुन्या शाळेतलं दोन फळ्यांचं, खाचाखाचांचं सागवानी असेल तर त्यावर थेट काहीच चिकटवू नका, कागद खाचांवर फुगतो आणि दुपारपर्यंत सुटतो. खरं तर कुठल्याच दारावर थेट चिकटवू नका. कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो. तीन फूट रुंद, सात फूट उंच दाराला दोन रांगांत तीन-तीन असे सहा कागद बरोबर बसतात, रुंदीतला जादा भाग कापायचा. हे सहा मागून जोडून जमिनीवर अंथरा आणि सगळं काम तिथेच करा. दारापाशी एका वेळी चार मुलं उभी राहू शकतात, जमिनीवर चारी बाजूंनी पंधरा बसतात. शेवटी वरच्या कडेला मागून लाकडी पट्टी लावून तो पडद्यासारखा दारावर टांगा आणि कडा मास्किंग टेपनं धरा. दोन फळ्यांच्या दाराला पडदाही मधून दोन करायचा. फोम टेप नको, निघताना रंग घेऊन निघतो आणि मग शिपाईकाका वर्षभर तुमच्याकडे बघून मान हलवतात.

कडी, कोयंडा, कुलपाची जागा आणि वर्गाची पाटी मोकळी राहिलीच पाहिजे. दार पूर्ण उघडलं-मिटलं पाहिजे, चौकटीवर आडवी माळ बांधून वाट अडवायची नाही. विजेच्या माळा मला दारावर अजिबात पटत नाहीत, बिजागरीत वायर चेपते. थर्माकोल आणूच नका, २०१८ पासून राज्यात सजावटीसाठी त्याच्यावर बंदी आहे, तरी दुकानात मागितला तर मिळतो.

खरेदी फारशी उरत नाही. कागद, फेव्हिकॉल, टेप, थोडा लाल-हिरवा क्रेप पेपर. मोठ्या प्रमाणात घ्यायचं असेल तर इतवारी, नाहीतर घराजवळचं स्टेशनरीचं दुकान. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर बर्डीकडे दुपारी जाऊ नका, मोर्च्यात अडकलात तर संध्याकाळ गेली.

तुमच्या वर्गात दोन ख्रिस्ती मुलं आहेत आणि काही पालक कुरकुर करतील अशी तुम्हाला धास्ती आहे. त्या दोघांना वर्गासमोर उभं करून 'सांगा तुमच्याकडे काय करतात' असं विचारू नका. एकटं गाठून विचारा, सांगावंसं वाटलं तर ती भरभरून सांगतील, नाहीतर सोडून द्या. बाळ येशू, मारिया, गव्हाणी हे दारावर नकोच असं माझं मत. दाराला लाथ बसते, दार आपटतं, कुणाच्या श्रद्धेची गोष्ट तिथे का ठेवायची? गव्हाणीचा देखावा करायचाच तर वर्गात कोपऱ्यात टेबलावर करा, त्या घरच्यांना विचारून. म्हणूनच मी खांब, घोडे, चांदण्या सुचवल्या. पालकांना सांगायला सोपं आहे की याच दारावर दिवाळीला कंदील होता, ईदला चाँद होता आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीचा स्तूप असतो. शिवाय नाताळ नागपूरला नवा नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे १८४५ मध्ये आले आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. तिथे शिकलेलं कुणीतरी कुरकुर करणाऱ्याच्याही घरात निघेल. मुख्याध्यापकांच्या कानावर मात्र आधी घाला, नंतर नाही.

वेळेचं गणित असं. पहिल्या दिवशी फक्त गप्पा आणि कच्चं चित्र फळ्यावर. दुसऱ्या दिवशी दोरा आणि पृथ्वीगोल. मग दोन दिवस घोडे आणि चांदण्या. पाचव्या दिवशी चिकटवणं आणि टांगणं, तेही शाळा सुटायच्या आधी, म्हणजे फेव्हिकॉल रात्रभर वाळतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मुलं पळवली जातात हे धरूनच चाला. रात्री घरी बसून तुम्ही एकटीनं घोडे रंगवायला घेतलेत तर सरळ बॅनर आणलेलं बरं.

एवढं जमणार नसेल तर एक सोपा मार्ग आहे, थोडा जुना पण हुकमी: हिरव्या कागदावर प्रत्येकाचा पंजा उमटवून कापायचा, बोटं खाली ठेवून झाड रचायचं. खालच्या ओळीत नऊ, वर आठ, मग सात, असं शेंड्यापर्यंत एक. बेरीज ४५ येते. तुमची मुलं ४२, उरलेले तीन पंजे तुमचा, शिपाईकाकांचा आणि झाडणाऱ्या मावशींचा. मावशींना बोलवायला मुलांनाच पाठवा. मुलांच्या पंजांची ही रांग तीन फुटी दारात बसते, एकमेकांवर थोडी चढवली की.

स्पर्धा झाल्यावर पडदा तसाच गुंडाळून ठेवा. मागची कोरी बाजू २६ जानेवारीला कामी येते. घोडे संक्रांतीपर्यंत वर्गात भिंतीवर चालतील, मुलं काढू देत नाहीत. चांदण्या ज्याच्या त्याला घरी देऊन टाका, पण करतानाच मागे पेन्सिलीनं नाव लिहून घ्या, नाहीतर वाटताना सगळ्या चांगल्या चांदण्या एकाच्याच निघतात.