लंडनचं सोनं, कुवेतचे दिनार

पैसा-अडका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडहून सुमारे शंभर टन सोनं परत आणलं. १९९१ मध्ये गहाण टाकलेलं सोनं अखेर सोडवलं, असं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय. खरं आहे का? आणि १९९० मध्ये इराकच्या सद्दामनं कुवेत घेतलं तर सोनं गहाण टाकायची वेळ आपल्यावर का यावी? (एक वाचक, नाशिक)

ग्रुपवाल्यांना सांगा, ते सोनं कधीच सुटलंय. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं विमानानं लंडनला धाडलं आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर उचलले. ते कर्ज काही महिन्यांतच फिटलं. सोनं मात्र आपल्या नावावर तिथल्याच तिजोरीत राहिलं, कारण सोन्याचा मोठा बाजार लंडनला, अडीनडीला तिथं ते पटकन वापरता येतं. पुढे २००९ मध्ये आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन विकतही घेतलं. म्हणजे २०२४ मध्ये आलं ते आपलंच, कुणाचं देणं नसलेलं सोनं.

४७ टनांच्या आधी, मे महिन्यात, आणखी २० टन गेलं होतं. ते तस्करांकडून जप्त केलेलं. सरकारनं ते स्टेट बँकेला दिलं आणि स्टेट बँकेनं पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडमध्ये विकलं. तस्कर शेवटी देशाच्या उपयोगी पडले, हा विनोद तेव्हा बँकांच्या कँटीनमध्ये बरेच दिवस चालला.

आता सद्दाम. सगळं त्याच्या माथी मारू नका. ऐंशीच्या दशकात आपण सढळ हातानं परदेशी कर्ज काढलं, त्यातलं बरंचसं अल्प मुदतीचं. मार्च १९९१ मध्ये नुसतं अल्प मुदतीचं कर्जच साडेआठ अब्ज डॉलरच्या घरात होतं. असं कर्ज दर वेळी नवं करून घ्यावं लागतं, आणि ते आपली पत शाबूत आहे तोवरच होतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि तेल भडकलं. आदल्या वर्षी पावणेचार अब्ज डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं बिल त्या वर्षी सहा अब्जांवर गेलं. आखातातून घरी येणारा पैसा आटला, इराक-कुवेतची निर्यात बुडाली. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पतमापन कंपन्यांनी आपल्याला खालची पायरी दाखवली होती.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका बँकेत परकीय चलन विभागात होतो, आयातीच्या एलसी (मालाचे पैसे मिळतील अशी परदेशी विक्रेत्याला बँकेनं दिलेली हमीपत्रं) माझ्या टेबलावरून जात. ऑक्टोबर १९९० मध्ये फर्मान आलं की आयातदारानं एलसी उघडताना ५० टक्के रक्कम रोख ठेवावी. मार्चमध्ये ते १३३ टक्क्यांवर गेलं, एप्रिलमध्ये २०० वर. डोंबिवलीचे एक रंग-रसायनवाले गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक. पाच लाखांचा माल मागवायला दहा लाख रोख ठेवा, असं सांगितल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘साहेब, दहा लाख असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?’ बरं, पैसे भरून एलसी उघडली तरी समोरच्या देशातली बँक टेलेक्सवर कळवायची की तुमच्या एलसीवर आम्ही आमची हमी घालणार नाही. तीच बँक दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्या साहेबांना डायऱ्या पाठवत होती.

यात राजकारणानं तेल ओतलं. नोव्हेंबरात व्ही. पी. सिंगांचं सरकार गेलं, काँग्रेसच्या टेकूवर चंद्रशेखर आले. जानेवारीत नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले. त्याच महिन्यात आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिलं जातंय हे बाहेर आलं आणि गदारोळ उठला, काँग्रेसच्या दबावाखाली ते बंद करावं लागलं. मार्चमध्ये यशवंत सिन्हांना पूर्ण अर्थसंकल्प मांडताच आला नाही, सरकार पडलं. आणि अर्थसंकल्प नाही म्हटल्यावर पुढची मोठी मदत कोण देणार? मला विचाराल तर युद्धानं जेवढं नुकसान केलं त्याहून हे तीन-चार महिने महाग पडले. निवडणूक, राजीव गांधींची हत्या, २१ जूनला नरसिंह रावांचा शपथविधी. तोवर परकीय चलनाच्या गंगाजळीत जेमतेम दोन आठवड्यांची आयात भागेल एवढंच उरलं होतं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, सोन्याची विमानं त्याच महिन्यात उडाली, आणि २४ तारखेला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला.

प्रश्न : माझे वडील १९९० मध्ये कुवेत सोडून अम्मानमार्गे गावी आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना डॉलरमधली भरपाई मिळाली. घरात सगळे म्हणतात ‘इराकनं पैसे दिले’. इराक कशाला देईल? आणि एवढी वर्षं का लागली? (एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी)

इराकनंच दिले, पण राजीखुशीनं नव्हे. अमेरिका आणि मित्रराष्ट्रांनी युद्ध करून कुवेत सोडवल्यावर युद्धबंदीच्या अटींमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं इराकवर भरपाई लादली आणि १९९१ मध्ये जिनिव्हाला भरपाई आयोग बसवला. इराक जे तेल विकेल त्यातले ३० टक्के आयोगाच्या निधीत. ज्यांना इराक किंवा कुवेत सोडून यावं लागलं त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम होती : एकट्याला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार, आणि दुसरा कुठलाच दावा करणार नसाल तर चार आणि आठ हजार. किती नुकसान झालं ते सिद्ध करायची गरज नव्हती, त्या काळात तिथून निघालात एवढं दाखवलं की पुरे. दावे सरकारमार्फत जायचे, त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयात खास कुवेत कक्ष होता.

उशीर झाला कारण इराक तेलच विकत नव्हता. निर्बंध होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेल विकून त्यातून अन्न-औषधं घेण्याची अट सद्दाम मानत नव्हता. अखेर डिसेंबर १९९६ मध्ये तेल निघालं आणि निधीत पैसा नियमित पडू लागला.

त्या सुमारास माझी बदली तुमच्याच जिल्ह्यात झाली होती. लोक प्लास्टिकच्या पिशवीत जुना पासपोर्ट घेऊन यायचे. जॉर्डनच्या सरहद्दीवरचा शिक्का असलेलं पान हाताळून हाताळून मऊ पडलेलं. एका बाईंचे यजमान मधल्या काळात वारले होते, तेव्हा वारस दाखला, त्यासाठी कोर्ट, मग नावातली स्पेलिंगची तफावत. पैसे हाती आले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मुलीच्या लग्नाला पायजे होते, तिला आता दोन पोरं झाली.’ काहींनी कुवेती दिनारच्या नोटाही जपून ठेवल्या होत्या. कुवेत सुटल्यावर तिथल्या सरकारनं नव्या नोटा काढल्या, जुन्या बाद झाल्या. ते काउंटरवर सांगायची वेळ आली की मला फार जड जायचं.

एक गोष्ट मात्र या आयोगाची मानली पाहिजे. साध्या माणसांचे दावे त्यानं आधी निकाली काढले आणि तेलकंपन्या, सरकारं मागे ठेवली. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला, तो कुवेतच्या पेट्रोलियम महामंडळाच्या दाव्यापोटी. एकूण वाटप ५२ अब्ज डॉलरहून जास्त. आता हे भरलं कोणी? सद्दामला २००६ मध्येच फाशी झाली होती. हल्ल्याच्या वेळी जन्मलेलाही नव्हता असा इराकी माणूस २०२२ पर्यंत भरत होता. तुमच्या वडिलांचा पैसा हक्काचाच, त्याबद्दल मनात किंतु नको. पण ‘इराकनं दिले’ म्हणताना कोणता इराक, हे घरच्यांना जरूर सांगा.

प्रश्न : अशा संकटात कुणाचं भलंही होतं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

होतं की. इजिप्तनं इराकविरुद्धच्या युद्धात फौज पाठवली, तर अमेरिकेनं त्यांचं सुमारे ७ अब्ज डॉलरचं लष्करी कर्ज सोडलं. उलट येमेन. तो तेव्हा सुरक्षा परिषदेत होता आणि त्यानं इराकविरुद्ध जायचं टाळलं. सौदीनं येमेनी कामगारांची कफीलशिवाय (जबाबदारी घेणाऱ्या स्थानिक हमीदाराशिवाय) राहण्याची सवलत सप्टेंबर १९९० मध्येच काढून घेतली, लाखो माणसं ट्रकांवर सामान लादून परत गेली. नोव्हेंबरात युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाविरुद्ध येमेननं मत दिलं आणि अमेरिकी मदतही गेली. खेडच्या वाचकांच्या वडिलांसारखी चार-आठ हजारांची रक्कम मात्र त्या माणसांसाठी नव्हती. ते कुवेतमधून नव्हे, सौदीतून निघाले होते.