रिव्ह्यूसाठी पाठवलेला फोन कंपनीने ‘तुमच्याकडेच राहू द्या’ म्हटलं तर पत्रकाराने ठेवावा का?

ठेवू नका, रिव्ह्यू छापून आला की परत करा, आणि फोन कंपनीने दिला होता हे सुरुवातीलाच लिहा. प्रेस कौन्सिलचे आर्थिक पत्रकारितेचे निकष स्पष्ट आहेत: निष्पक्षतेला बाध येईल अशी भेटवस्तू, सहल किंवा सवलत घ्यायची नाही, आणि कंपनीच्या खर्चाने गेलात तर बातमीत तसं सांगायचं. यूट्यूबवरही टाकणार असाल, तर ॲस्कीच्या (जाहिरात उद्योगाची स्वयंनियमन संस्था) २०२१ च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते.

पण वाचकाशी इमान राखायचं तर खरी कसोटी चाचणीत आहे. लाँचच्या एसी हॉलमध्ये हाताळलेला फोन म्हणजे रिव्ह्यू नव्हे. ॲपल स्वतः आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. भर दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नकाशा लावून फिरा. स्क्रीन मंद होते का, चार्जिंग थांबतं का, हे इथल्या वाचकाला कळलंच पाहिजे. मात्र बॅटरी दोन वर्षांनी कशी असेल हे आठवड्याभरात समजत नाही. तिथे ‘तपासलेलं नाही’ असंच छापा, कंपनीचा आकडा आपला म्हणून देऊ नका.