सोसायटीच्या मागे हरणं दिसतात, फोटो काढायला किती जवळ जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बोरिवली पूर्वेला नवीनच राहायला आलाय, मागच्या भिंतीपलीकडे सकाळी हरणं दिसतात, फोटोसाठी किती जवळ गेलं तर चालेल आणि मोबाईलवर भागेल का कॅमेरा घ्यावा लागेल. पहिल्याचं उत्तर लगेच देतो: जवळ जायचंच नाही. भिंतीवर चढणं, भिंतीला पडलेल्या भगदाडातून पलीकडे जाणं हे तर अजिबातच नको, कारण पलीकडे संजय गांधी नॅशनल पार्कची हद्द आहे आणि साधारण १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात आणि आसपास २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मोजणीत ३५ बिबटे निघाले होते. हरणं जिथे चरायला येतात तिथे तोही येणारच ना.

मी श्रीकृष्णनगरच्या बाजूला राहतो, आमच्याकडेही हाच प्रकार. तुम्हाला दिसतात ती बहुतेक चितळं असणार, अंगावर पांढरे ठिपके आणि कळपात. सांबर मोठं, एकरंगी तपकिरी आणि बिचकं, ते असं वस्तीला खेटून फारसं दिसत नाही. भेकर लहान, एकटं फिरतं आणि ओरडतं अगदी कुत्र्यासारखं, त्यामुळे कितीतरी लोकांनी ते ऐकलेलं असतं पण गल्लीतला कुत्रा समजून सोडून दिलेलं असतं.

आता फोटोचं. आपल्याकडची गंमत अशी की जंगल पूर्वेला आणि बिल्डिंगी पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य हरणाच्या मागून येतो आणि लोक म्हणतात फोटो काळा आला. काळा येऊ द्या, उलट तोच फोटो चांगला. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येताना त्यांच्यावर लव असलेली मऊ कातडी असते, मागून ऊन आलं की त्या लवेची कड आणि कानांच्या कडा अशा पेटल्यासारख्या दिसतात की बास. चितळांमध्ये सगळ्या नरांची शिंगं एकाच वेळी गळत नाहीत, त्यामुळे असा लववाला नर वर्षात कधीही सापडू शकतो. मोबाईलवर हरणावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, नाहीतर मागचं आकाश पांढरंफटक होतं. संध्याकाळी उलटं, ऊन तुमच्या पाठीमागून येतं, ठिपके छान उठून दिसतात, रंग येतात, पण तेव्हा वारा समुद्राकडून जंगलाकडे वाहत असतो म्हणजे तुमचा वास थेट त्यांच्या नाकात. थंडीत भल्या पहाटे वारा जंगलाकडून आपल्याकडे येतो, तेव्हा ती निवांत असतात. एवढं एक कळलं ना की अर्धं काम झालं, बाकी लोक उगाच कॅमोफ्लाजचे टीशर्ट घेत बसतात. हरणाला लाल-केशरी रंग नीट ओळखूच येत नाहीत, त्याला कळते ती हालचाल आणि वास, म्हणून टीशर्ट कुठलाही घाला पण ओडोमॉस फासून खिडकीत उभे राहू नका.

आवाजाचं मला फार नवल वाटतं. आमच्या मागच्या किचनमधून कुकरच्या शिट्ट्या होतात, हायवेचा घूंऽऽ आवाज तर चोवीस तास, चितळं मान वर करत नाहीत. पण कोणी गच्चीच्या दाराची कडी काढली, खट्ट, की सगळा कळप थांबतो, सगळे कान एका दिशेला, एखादी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि शेपूट वर जाऊन खालचा पांढरा भाग दिसतो. म्हणजे रोजचं त्यांना पाठ असतं, नवीन काही झालं की खटकतं. म्हणून खिडकी आधीच उघडून ठेवा, घरातला लाईट बंद, फोन सायलेंट, आणि पाय आपटलेला दिसला की तुम्ही होतात तिथेच थांबा, पाचेक मिनिटात परत चरायला लागतात. खिडकी उघडता येत नसेल तर लेन्स काचेला टेकवून धरा, तुमचं प्रतिबिंब येणार नाही. फ्लॅश नको, एवढ्या लांब तो पोचतही नाही आणि ग्रिलवर आपटून सगळा फोटो धुरकट करतो.

संध्याकाळी अंधारताना चितळांचा कुऽक कुऽक असा चिरका आवाज परत परत आला आणि माकडंही ओरडायला लागली तर बिबट्या जवळपास आहे असं समजा, आणि फोटो राहू दे, खाली कंपाउंडमध्ये कोणाची पोरं खेळत असतील तर त्यांना वर बोलवा.

खायला टाकू नका हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो, कारण आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू पोळ्या टाकायच्या, पुण्य मिळतं म्हणून, पिशवीसकट. चितळ ती पिशवीही चावतं, प्लास्टिक पोटात साठत जातं. आणि जवळ यावं म्हणून फोटोसाठी टाकत असाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं आणि हाकणं दोन्ही येतं. काकूंना हे वॉचमनने सांगितलं तेव्हा थांबल्या, आमचं कोणी ऐकत नव्हतं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीये पण मला सगळ्यात जास्त तीच सांगायचीये. भिंतीपलीकडचं हरीण आणि तुमच्या पार्किंगमधलं हरीण हे दोन वेगळे विषय आहेत. पलीकडचं आपल्या घरी आहे, त्याचे हवे तेवढे फोटो काढा. पार्किंगमध्ये आलेलं बहुतेक वेळा कुत्र्यांनी पिटाळलेलं असतं, त्याला बाहेर जायची वाट सापडत नसते आणि अशा वेळी वीस जण मोबाईल घेऊन गोल करतात, कोणीतरी टॉर्च मारतो, कोणीतरी "पकडा पकडा" करतो. अंगावर एक ओरखडा नसलेलं चितळ नुसत्या या धावपळीने मरू शकतं, अति भीती आणि पळापळीने त्याच्या स्नायूंची आतून नासाडी होते आणि कधी कधी सुटका झाल्यावर काही तासांनी, अगदी काही दिवसांनीसुद्धा जीव जातो. म्हणून तिथे फोटो नाही. आधी कुत्री बाहेर काढा, रस्त्याकडचं गेट बंद, जंगलाकडे जायची वाट असेल तर ती मोकळी सोडा, तिकडचे लाईट घालवा, सगळ्यांना घरात पाठवा आणि वनविभागाच्या १९२६ हेल्पलाईनवर फोन करा. हात लावू नका, शिंगवाला नर घाबरला तर माणसाचं पोट फाडेल. डोळे झाकून शांत कसं करायचं ते त्यांच्या टीमला येतं, आपल्याला नाही.

फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा आणि सोसायटीचं नाव नको, नाहीतर रविवारी बाहेरचे रीलवाले तुमच्या गच्चीची चावी मागायला येतील.

राहिला कॅमेरा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून नुसता कळप हवा असेल तर टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) असलेला मोबाईल पुरतो, पण डोळा आणि पापण्या स्पष्ट हव्या असतील तर ३०० एमएमची लेन्स लागेलच. सकाळी उजेड कमी असतो, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सेटिंग) १६००-३२०० पर्यंत बिनधास्त न्या, शटर मात्र १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, चरतानाही त्यांची मान सारखी झटके देते. नवीन बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) परवडत नसेल तर फोर्टला बोराबाजारात जुना माल बघा, फक्त लेन्स घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते तपासा, ती बुरशी असते, मुंबईच्या दमटपणात हमखास धरते आणि दुकानदार "साफ हो जाएगा" म्हणतो पण पुरती जाईल याचा भरवसा नाही. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि एसीच्या खोलीतून थेट बाल्कनीत नेलात तर काचेवर वाफ धरते, त्यामुळे अर्धा तास आधीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवा.