लिफ्टमधली नोटीस आणि ग्रिलला टांगलेली चावी

प्रश्न : ताई, नमस्कार. ठाण्यात आमचा वन बीएचके आहे, मुलगा बंगलोरला गेल्यापासून रिकामाच पडून होता म्हणून गेल्या वर्षी एअरबीएनबी या पाहुण्यांना घर देण्याच्या ॲपवर टाकला, शनिवार-रविवार बऱ्यापैकी बुकिंग येतं आणि लोनचा हप्ता त्यातूनच निघतो. आता कमिटीने लिफ्टमध्ये नोटीस लावलीये की महिन्यापेक्षा कमी मुदतीसाठी फ्लॅट द्यायचा नाही, दिला तर दिवसाला २,००० रुपये दंड आणि पाणी बंद. घर आमचं, हप्ते आम्ही भरतो, मग हे सांगणारे कोण?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पाण्याचं आधी सांगते. पाणी तोडायचा अधिकार कुठल्याच कमिटीला नाही. थकबाकी असली तरी वसुलीसाठी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे जायचं असतं, व्हॉल्व्ह फिरवायचा नसतो. तसं खरंच केलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

आणि लिफ्टमधली नोटीस म्हणजे उपविधी, म्हणजे सोसायटीचा नोंदणीकृत नियम, नव्हे हो. उपविधी बदलायचा तर जनरल बॉडीत दोन तृतीयांश मतांनी ठराव व्हावा लागतो आणि मग निबंधकांकडे त्याची नोंदणी व्हावी लागते, तोवर तो लागूच होत नाही. तेव्हा सेक्रेटरींना साध्या कागदावर पत्र द्या, ठरावाची आणि नोंदणीची कॉपी मागा, आणि पत्राच्या आपल्या कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका. मालक स्वतः राहत नसेल आणि घर दुसऱ्याला दिलं असेल तर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटी घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर बांधून टाकलेत. तुमचे सर्व्हिस चार्जेस महिना २,८०० असतील तर २८० रुपये, बास. दिवसाला २,००० कुठून आणले ते त्यांना विचारा.

हे झालं तुमच्या बाजूचं. पण "घर आमचं" एवढ्यावर मात्र ही केस उभी राहत नाही, आणि हे तुम्हाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिलेला नाही, तो आता कलम ३००अ मध्ये आहे, म्हणजे कायद्याने त्याला मर्यादा घालता येतात. शिवाय सभासद होताना उपविधी मान्य करून आपण सही केलेली असते. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये उपविधींच्याच बाजूने निकाल दिला, आणि तिथे तर घर कोणाला विकायचं यावरच बंधन होतं. म्हणजे उद्या तुमच्या सोसायटीने हाच नियम रीतसर पास करून नोंदवून आणला तर तुमचं काम फार अवघड होईल.

"आम्ही भाड्यानेच तर दिलंय" असं बरेच जण म्हणतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे १९९९ च्या, कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर केलेला हवा, नाहीतर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी कोण रजिस्ट्रेशन करतंय? तो भाडेकरू नाहीच मुळी, तो गिऱ्हाईक आहे, आणि तुम्ही करताय तो छोटा का होईना पण लॉजिंगचा धंदा आहे, हे मनाशी एकदा मान्य केलं की पुढचे रस्ते दिसायला लागतात. आपल्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिथे चौकशी करा. पण या योजनांची मूळ कल्पना अशी आहे की मालक स्वतः त्या घरात राहतो आणि जादाच्या एकदोन खोल्या पाहुण्यांना देतो, केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये जास्तीत जास्त ६ खोल्या. मालक राहत नसलेला बंद फ्लॅट आणि पाहुण्याने कोड टाकून स्वतःच घ्यायची चावी त्यात बसवणं कठीण.

जीएसटीची मात्र फार धास्ती नको. तुमची एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर अशा ॲपवरून झालेल्या बुकिंगचा कर ॲपवालेच भरतात. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला ऑनलाइन २४ तासांत कळवायचीच, त्यात दिरंगाई चालत नाही.

माझा सल्ला, भांडण कोर्टात न्यायच्या आधी स्वतःहून जनरल बॉडीत उभे राहा. आयडीच्या कॉपी आधी गेटवर देईन, रात्री ११ नंतर चेक इन नाही, पाहुण्यांनी नुकसान केलं तर भरून देईन, हे सगळं लिहून द्या. मी चार वर्षं सेक्रेटरी होते, निम्मे सभासद अशा कागदावर शांत होतात हे पाहिलंय.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, कोथरूडला एकटी राहते. समोरचा फ्लॅट असाच रोजच्या पाहुण्यांना देतात. मालकांना दोन वर्षांत पाहिलेलं नाही. जिन्याच्या ग्रिलला नंबरवाली चावीची डबी टांगलीये, रात्री अडीचला बॅगांची चाकं पायऱ्यांवरून वाजतात आणि कितीदा तरी चुकून माझीच बेल दाबतात. वॉचमन म्हणतो, आजी मी काय करू.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मालकाला कमाईचा हक्क आहे तसा तुम्हाला रात्री झोपायचा आहे, आणि समोरच्या दारात आज कोण झोपलंय हे सोसायटीला माहीत असायलाच हवं. वॉचमनचं रजिस्टर मागून बघा, तिथे नुसतं "पाहुणे, ५०२" असं ओळीने लिहिलेलं सापडेल. त्या पानांचे फोटो काढा, बेल वाजली ती तारीख आणि वेळ वहीत लिहा, आणि महिनाभराचं एकत्र करून कमिटीला लेखी द्या. ती डबी आहे ते ग्रिल कॉमन जागेतलं, मालकाचं खासगी नाही, ती काढायला कमिटी आजसुद्धा सांगू शकते, त्याला उपविधी बदलावा लागत नाही. कमिटीने काहीच केलं नाही तर उपनिबंधकांकडे जा. पण रात्री दार उघडून त्यांच्याशी वाद घालू नका, सरळ ११२ ला फोन करा.

प्रश्न : आमचा फ्लॅट गोव्यात आहे, तिथे सोसायटीची कटकट नाही, मग नोंदणी कशाला? आणि न्यूयॉर्कला हे सगळं बंद केलं म्हणे, खरं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोव्यात तर उलट कायदा जुना आहे, १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, त्याखाली पर्यटकांना पैसे घेऊन राहायला द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, मग हॉटेल असो की तुमचा टू बीएचके. विनानोंदणी चालवू नका. न्यूयॉर्कने पूर्ण बंद नाही केलं, सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी द्यायचं तर यजमानाने शहराकडे नोंदणी करायची, स्वतः त्या घरात राहायचं आणि पाहुणे दोनच ठेवायचे. बार्सिलोना मात्र २०२८ च्या शेवटापर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटची दहा हजारांवर लायसन्स संपवायला निघालंय, कारण तिथल्या माणसांना राहायला घरं परवडेनाशी झालीत. तुमच्या फ्लॅटचे कागद, घरपट्टीची पावती आणि ओळखपत्र घेऊन खात्याच्या ऑफिसात जा, आणि नोंदणी हातात येईपर्यंत ॲपवरचं बुकिंग बंद ठेवा.