इराण-कॉन्ट्रा म्हणजे अमेरिकेचं बोफोर्स नव्हे

‘इराण-कॉन्ट्रा म्हणजे अमेरिकेचं बोफोर्सच ना, आणि राष्ट्राध्यक्ष रेगनना माहीत होतं का?’ असं तुम्ही विचारलंय. १९८७ च्या उन्हाळ्यात दोन्ही प्रकरणं एकदमच गाजत होती, त्यामुळे गल्लत होते. बोफोर्सची खरेदी उघड होती, आरोप दलालीचा होता. इथे इराणला शस्त्रांची विक्रीच चोरून झाली. दलालांनी हात धुऊन घेतले हे खरं, पण मूळ दुखणं वेगळं आहे: अमेरिकन संसदेनं ज्या कामाला पैसे नाकारले, ते काम सरकारनं परस्पर पैसा उभा करून केलं.

निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना मिळणारी अमेरिकेची लष्करी मदत संसदेनं १९८४ च्या बोलंड दुरुस्ती या कायद्यानं बंद केली. तिकडे लेबनॉनमध्ये इराणच्या पाठिंब्यावरच्या गटांच्या ताब्यात अमेरिकन ओलीस अडकलेले. त्यांच्या सुटकेसाठी १९८५ पासून इस्रायलमार्फत इराणला टो ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं गेली. इराणला शस्त्रं विकू नका, असं अमेरिका याच काळात इतर देशांना बजावत होती! १९८६ मध्ये थेट विक्री सुरू झाली. चढ्या भावातला नफा स्विस खात्यांतून कॉन्ट्रांकडे वळला. सूत्रं हलवत होता राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतला लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ.

नोव्हेंबर १९८६ मध्ये एका लेबनीज साप्ताहिकानं भांडं फोडलं. नॉर्थ आणि त्याची सेक्रेटरी फॉन हॉल यांनी गठ्ठेच्या गठ्ठे श्रेडरमध्ये घातले. काही कागद तर तिनं बुटांत आणि कपड्यांत लपवून बाहेर काढले. संगणकावरचे निरोपही पुसले, पण बॅकअप टेपवर ते तसेच राहिले. खरा पुरावा तिथे सापडला.

रेगनना विक्री पक्की ठाऊक होती. १७ जानेवारी १९८६ च्या मंजुरीवर त्यांचीच सही आहे. पैसे वळवल्याचं मात्र आपण त्यांना सांगितलं नाही, असं त्यांचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टरनं शपथेवर सांगितलं आणि ते कुणाला खोडता आलं नाही. मला ते पटत नाही, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

शिक्षांचं म्हणाल तर, संसदेसमोरची साक्ष खटल्यात वापरणार नाही असं संरक्षण दिल्यामुळे नॉर्थ आणि पॉइंडेक्स्टर दोघेही अपिलात सुटले. माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गरवर खटला उभा राहायच्या आधीच, २४ डिसेंबर १९९२ ला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्याच्यासह सहाजणांना माफी दिली. घोटाळ्याच्या काळात हेच बुश उपराष्ट्राध्यक्ष होते. तुरुंगात गेला तो कॉन्ट्रांना शस्त्रं मिळवून देणारा थॉमस क्लाइन्स, तोही करचुकवेगिरीच्या गुन्ह्यांत.