तुझ्या नावावरचा वाफा

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

द्रव्यगुणाचं, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या अभ्यासाचं, वर्ष सुरू झालं आणि वनौषधी उद्यानातला एक वाफा तुझ्याकडे आला. तिथल्या सगळ्या झाडांची नावं पाठ करण्याच्या मागे लागू नकोस. गुळवेल, ब्राह्मी, शतावरी आणि चित्रक एवढीच चार घे. मात्र ती वर्षभर, सगळ्या ऋतूंत बघ. परीक्षेत पुढ्यात येणारा वाळका तुकडा कुठून आला, हे तुला हातानं माहीत असलं पाहिजे.

सुरुवात गुळवेलीपासून कर. जून-जुलैत बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन पेरांची, वीतभर काडी काप. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घे, म्हणजे लावताना उलटसुलट होणार नाही. उलटी लावलेली काडी बहुतेक वेळा वाळते आणि दोष मातीला दिला जातो. निदान एक पेर मातीत गेलं पाहिजे. जमीन काळी असेल तर गादीवाफा फूटभर उंच कर आणि वाळू-शेणखत मिसळ, कारण पाणी साचलं की काडी खालून कुजते.

ही गुळवेलच आहे ना, ते आधी तपास. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल रोपवाटिकांतून येते आणि गुळवेल म्हणून वाढत राहते. आयुष मंत्रालयानं २०२२ साली या दोघींमधला फरक मुद्दाम जाहीर केला होता. खोडावरून बोट फिरव. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी दाटीनं असतात, तोडल्यावर दुधट स्राव येतो आणि फुलाला तीन पाकळ्या असतात. गुळवेलीच्या, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या, खोडावर तशा गाठी नसतात, दूध येत नाही आणि पाकळ्या सहा असतात. लाल फळांची मात्र वाट बघत बसू नकोस. गुळवेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. एकाच वेलाच्या काड्यांवर वाढलेल्या बागेत सगळे वेल एकाच लिंगाचे असतात, त्यामुळे फळ धरतच नाही.

गुळवेल सत्त्व, म्हणजे खोडातून पाण्यात उतरणारी पांढरी भुकटी, उन्हाळ्यात करून बघ. एक किलो ताजं, जून खोड धू, वरची कागदासारखी साल काढ, दोन-तीन इंचांचे तुकडे कर आणि धागे सुटेपर्यंत कुट. चार लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजव. सकाळी हातानं चांगलं कुस्करून फडक्यातून गाळ आणि पातेलं न हलवता ठेव. तळाशी पांढरा साका बसला की वरचं पाणी अलगद ओत, साका पुन्हा स्वच्छ पाण्यानं धू आणि पातळ पसरून वाळव. काही ग्रॅमच मिळेल, पण बाजारात ढिगानं मिळणाऱ्या स्वस्त सत्त्वाकडे मग तू वेगळ्या नजरेनं बघशील. भुकटी करडी झाली तर साल राहिली असेल. आंबूस वास आला तर पाणी जास्त वेळ ठेवलं गेलं.

त्याच खोडाची वाळवून भरड कर आणि काढा कर. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथातलं प्रमाण सोळापट पाणी आणि अष्टमांश शेष असं आहे. म्हणजे १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी आणि शेवटी उरायला हवं २० मिली. अंदाजानं उतरवू नकोस. आधी पातेल्यात २० मिली पाणी घाल, लाकडी काडी उभी धरून पाण्याच्या रेषेवर खूण कर आणि मग उरलेलं पाणी ओत. झाकण नको आणि आच मंद ठेव. मोठ्या आचेवर पाणी लवकर उडतं, पण औषधातलं पुरतं उतरत नाही. असा काढा उकळताना रंग, वास आणि चव लिहून ठेव. मात्र मैत्रिणीला ताप आला म्हणून तिला हा काढा देऊ नकोस. ते ओपीडीतल्या वैद्यांचं काम आहे.

ब्राह्मीच्या बाबतीत नावच फसवतं. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून बहुधा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला, विकली जाते. तिची पानं गोलसर, दातेरी कडांची, लांब देठाची. खरी ब्राह्मी म्हणजे बॅकोपा; तिची पानं बारीक, जाडसर, समोरासमोर आणि फुलं पांढरट-फिकट जांभळी. दोन्ही लाव, शेजारी शेजारी. बॅकोपा चिखलाच्या टबात सुखानं राहते. सेंटेलाला ओलसर माती आणि अर्धी सावली लागते. आणि फलकावर वनस्पतिशास्त्रीय नाव हवंच. मार्कर उन्हानं उडतो, म्हणून अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं ठोकून लिही.

शतावरीला धीर धरावा लागतो. दीड-दोन वर्षांनी, हिवाळ्यात, फूटभर अंतरावरून खणून मुळांचा झुबका काढ. कोंब असलेला मधला भाग परत लाव. मुळं दहा मिनिटं उकळलीस की साल सहज निघते. मग मधली शीर ओढून काढ, चिरून सावलीत पातळ थरात वाळव. सालीसकट अख्खी वाळवलीस तर ती वरून कडक होतात, आत ओल राहते आणि डब्यात बुरशी धरते. वाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेव.

चित्रकाचं मूळ हाताळताना हातमोजे घाल. त्यातलं प्लंबॅगिन नावाचं द्रव्य कातडीवर फोड आणतं. उद्यानात कळलावी असेल तर ती विषारी आहे, म्हणून तिला वेगळी जागा आणि लाल फलक हवा.

प्रत्येक वनस्पती फुलावर आली की एक नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेव. वर्तमानपत्र सुरुवातीचे तीन-चार दिवस रोज बदल. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी पानं काळी पडतात. फुलाचा रंग ताजा असतानाच लिही, कारण दाबल्यावर तो राहत नाही. शंका राहिली तर नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात नेऊन तिथल्या संग्रहाशी ताडून बघता येतो का, हे तुझ्या सरांना विचार.

या आठवड्यात मात्र एवढंच कर. वाफ्यावर जा, गुळवेलीच्या खोडावरून बोट फिरव आणि गाठी लागल्या की नाहीत ते मला कळव.

सस्नेह आशीर्वाद.